रक्तातील एक अक्षर : सिकलसेल आणि नव्या जनुकविज्ञानाची वाटचाल

पाम, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील निवासी शाळांत जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी अशा दूरच्या तालुक्यांतून मुले शिकण्यासाठी येतात. त्यांतील काही मुलांची एक तक्रार आम्हा शिक्षकांच्या कानावर वर्षानुवर्षे येत राहिली. पाय दुखतात, हाडे ठणकतात, पोटात कळ येते. थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्याने आंघोळ केली की ही तक्रार वाढते. कवायतीच्या तासाला धावण्याची पाळी आली की असे मूल मागे राहते. आम्ही हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे की अशा एका विद्यार्थ्याला आम्ही कामचुकार समजलो होतो. 'रोज याचे काही ना काही दुखतेच,' असे आम्ही त्याच्यासमोर म्हणालो होतो. पुढे त्याच्या रक्ताची तपासणी झाली, निदान झाले, आणि जे आम्ही आळस म्हणून पाहत होतो तो सिकलसेल नावाचा आनुवंशिक आजार आहे हे कळले. त्या मुलाने आम्हाला दोष दिला नाही. परंतु आपल्या अज्ञानाची किंमत दुसऱ्याने वेदनेच्या रूपाने भरली, ही जाणीव आमच्या मनातून गेलेली नाही.

या स्मरणिकेसाठी पेशीविज्ञान व आनुवंशिकी या क्षेत्रांतील नव्या संशोधनावर लेख लिहावा असे ठरले, तेव्हा आम्हाला प्रथम हाच आजार आठवला. गेल्या शंभर वर्षांतील जीवशास्त्राची प्रगती एका आजाराच्या आधाराने समजून घ्यायची असेल, तर सिकलसेलइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. आणि हे उदाहरण परदेशी पुस्तकातले नाही. ते आपल्या पाड्यावर, आपल्या वसतिगृहात, आपल्या नात्यागोत्यात आहे.

पेशीपासून अक्षरापर्यंत

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबच लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो. एका पेशीतील सर्व डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरते. या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत शरीराच्या जडणघडणीच्या सूचना लिहिलेल्या आहेत. आईकडून आलेल्या एका संचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात, वडिलांकडून आलेल्या संचातही तेवढीच. या मजकुरातील एकेका सूचनेला आपण जनुक म्हणतो.

रक्तातील तांबड्या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू घेतात आणि सर्व शरीराला पोहोचवतात. हे काम त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे प्रथिन करते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा व दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीत १४६ दुवे असून तिची सूचना अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे. सिकलसेलमध्ये या सूचनेतील केवळ एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हा दुवा बसतो. बाकी १४५ दुवे जसेच्या तसे राहतात.

एवढ्याशा बदलाचा परिणाम मात्र मोठा आहे. प्राणवायू सोडल्यानंतर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्यांसारखे होते आणि गोल, लवचीक पेशीचा आकार वाकडा होतो. भातकापणीचा विळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे; पेशी नेमकी तशी दिसते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव. अशा ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेथे रक्त पोहोचत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी दहा ते वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी राहते, डोळे पिवळसर दिसतात, दम लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, अति श्रम आणि ताप या कारणांनी दुखणे उसळते. गार पाण्याच्या आंघोळीनंतर त्या मुलाचे पाय का दुखत, याचे उत्तर येथे आहे.

शोधाचा प्रवास

१९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूतील बदलात आहे, हे तेव्हा पहिल्यांदाच सिद्ध झाले. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो बदल नेमका कोठे आहे ते शोधून काढले.

मग एवढा त्रासदायक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? याचे उत्तर १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. ज्याच्या दोन जनुकांपैकी एकच बदललेले आहे, अशा माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे मलेरियाचे थैमान होते, तेथे असे लोक अधिक संख्येने जगले आणि त्यांचे जनुक पुढील पिढ्यांत उतरले. आपल्या जंगलपट्ट्यातही मलेरिया फार जुना आहे. तेव्हा ज्या जनुकाला आज आपण आजाराचे कारण म्हणतो, त्याच जनुकाने एके काळी आपल्या पूर्वजांपैकी अनेकांचे प्राण वाचवले असावेत. यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम आढळले. १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील वाहकांविषयी निबंध प्रसिद्ध केला. पुढील अभ्यासांतून दिसले की महाराष्ट्रातील वेगवेगळ्या आदिवासी जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलते. विदर्भात अनुसूचित जातींमध्येही हे जनुक आढळते आणि त्यात आपला बौद्ध समाज आलाच. म्हणून हा प्रश्न 'त्यांचा' की 'आपला' असा भेद करण्याचे कारण नाही.

आपल्या भागात कारखान्यांचा धूर, नाल्यांचे पाणी आणि १९६९ पासून चालू असलेले तारापूरचे अणुवीज केंद्र यांमुळे कोणत्याही आजाराविषयी मनात शंका येणे स्वाभाविक आहे. प्रदूषणाचे प्रश्न खरे आहेत आणि ते स्वतंत्रपणे विचारलेच पाहिजेत. परंतु सिकलसेलचे जनुक कारखान्यांहून हजारो वर्षे जुने आहे. ते हवेतून, पाण्यातून, स्पर्शातून किंवा एका ताटात जेवल्याने येत नाही. ते केवळ आई आणि वडील यांच्याकडून येते.

दोघांचा वाटा

प्रत्येकाकडे बीटा साखळीची दोन जनुके असतात. एक आईचे, एक वडिलांचे. दोन्ही निरोगी असतील तर माणूस निरोगी. एक बदललेले असेल तर तो वाहक. आपल्याकडील आरोग्य कर्मचारी त्याला 'एएस' म्हणतात. वाहक माणसाला सहसा कोणताही त्रास होत नाही आणि त्याला उपचारांचीही गरज नसते. दोन्ही जनुके बदललेली असतील तर तो रुग्ण, म्हणजे 'एसएस'.

वाहक स्त्री आणि वाहक पुरुष यांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. हे गणित प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. जोडीदारांपैकी एक वाहक व दुसरा पूर्ण निरोगी असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही. मात्र दुसरा जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. म्हणून दोन्ही तपासण्या आवश्यक आहेत.

या गणितातून एक सामाजिक सत्य निघते. रुग्ण मूल जन्माला येण्यासाठी दोन्ही बाजूंचे जनुक लागते. तरीही घरात मूल आजारी पडले की बोट सुनेकडे जाते. 'हिच्या माहेरचे आहे' असे म्हटले जाते. कोणी देवाचा कोप म्हणतो, कोणी मागील जन्माचे पाप म्हणतो, कोणी करणी म्हणून भगताकडे नेतो. या सर्वांत बाळाच्या उपचारांचे मोलाचे दिवस वाया जातात आणि आईच्या वाट्याला न केलेल्या अपराधाची शिक्षा येते. कारण शोधून मगच निर्णय घ्यावा, ही शिकवण ज्या शाळेत मिळते, तेथील माजी विद्यार्थ्यांनी तरी आपल्या घरात असे होऊ देऊ नये.

बाळाच्या रक्तातील रहस्य

आता नव्या संशोधनाकडे वळू. त्याचा धागा एका जुन्या निरीक्षणात आहे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की ज्या बाळांना हा आजार आहे, त्यांच्याही रक्तात पहिल्या काही महिन्यांत विळ्यासारख्या पेशी फारशा दिसत नाहीत. कारण असे की गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळी नसून गॅमा साखळी असते आणि तिच्यात हा दोष नसतो. जन्मानंतर काही महिन्यांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद होते, प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होते आणि मग आजार प्रकट होतो.

हे बंद झालेले जुने हिमोग्लोबिन पुन्हा चालू करता आले तर? हायड्रॉक्सियुरिया हे औषध काही प्रमाणात हेच करते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. ही गोळी आज आपल्या देशातही वापरली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्ततपासणी करून ती नियमित घेतल्यास दुखण्याचे झटके कमी होतात. गाजावाजा नसलेली ही गोळी आजही असंख्य रुग्णांचा खरा आधार आहे.

२००८ मध्ये संशोधकांना आणखी महत्त्वाची गोष्ट सापडली. बीसीएल-११-ए नावाचे एक जनुक गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनवर कुलूप घालते. हे कुलूप केवळ रक्तपेशींपुरते उघडता आले, तर शरीर स्वतःच निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागेल. प्रश्न उरला तो किल्लीचा.

जनुकाची कात्री

ती किल्ली सूक्ष्म जिवाणूंकडे होती. जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात. त्यांपासून बचाव करण्यासाठी जिवाणू हल्लेखोराच्या जनुकीय मजकुराचा तुकडा आठवण म्हणून जपून ठेवतात आणि तोच मजकूर पुन्हा दिसला की तो कापून टाकतात. या बचावयंत्रणेला क्रिस्पर म्हणतात. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पेंटिए व जेनिफर डाउडना यांनी दाखवले की या कात्रीला आपण ठरवू त्या जागी कापण्यास सांगता येते. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघींना मिळाले.

तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, त्यामुळे तिच्यात दुरुस्ती करता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तिच्या उगमापाशी, अस्थिमज्जेतील मूलपेशींपाशी जातात. रुग्णाच्या मूलपेशी काढून घेतात, प्रयोगशाळेत क्रिस्परच्या साहाय्याने बीसीएल-११-ए चे कुलूप निकामी करतात, तीव्र औषधे देऊन रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करतात आणि दुरुस्त पेशी परत शरीरात सोडतात. कॅसजेव्ही या नावाच्या या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने मान्यता दिली. चाचणीत ज्या ३१ रुग्णांचे पुरेसे निरीक्षण झाले, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र झटका आला नाही.

आनंद मोठा आहे, परंतु किंमतही मोठी आहे. अमेरिकेत या उपचाराचा दर २२ लाख डॉलर ठेवण्यात आला. शिवाय मज्जा रिकामी करणारी औषधे कठोर असतात. रुग्णाला अनेक आठवडे रुग्णालयात राहावे लागते आणि पुढे अपत्यप्राप्तीवर परिणाम होण्याचा धोका असतो. मोखाड्यातील शेतमजुराच्या मुलापर्यंत हे कसे पोहोचणार, हा प्रश्न आम्हाला विज्ञानाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशातही शोधले जात आहे. दिल्ली येथील सीएसआयआरच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने सिकलसेलसाठी स्वदेशी क्रिस्पर तंत्र विकसित केले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाले. भगवान बिरसा मुंडा यांच्या १५० व्या जयंतीच्या वर्षात आदिवासींच्या या आजारावरील उपचाराला त्यांचे नाव द्यावे, हे औचित्यपूर्णच झाले. हे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. अशा उपचारांना मानवी चाचण्यांचे टप्पे पार करावेच लागतात. त्यामुळे धीर धरायला हवा आणि खोट्या जाहिरातींपासून सावधही राहायला हवे.

स्वदेशी पेशी-उपचार परवडणारा होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. पवईची आयआयटी, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांनी मिळून नेक्सकार-१९ हा रक्ताच्या काही कर्करोगांवरील उपचार तयार केला. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींना नवे जनुक देऊन कर्कपेशी ओळखण्यास शिकवले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. परदेशातील अशाच उपचाराच्या तुलनेत त्याचा खर्च सुमारे एक दशांश आहे. सामान्य माणसाला तोही जडच आहे, पण दिशा योग्य आहे.

मर्यादा आणि विवेक

जनुके बदलण्याचे सामर्थ्य हाती आले की विवेकाची परीक्षा सुरू होते. वर सांगितलेले उपचार रुग्णाच्या रक्तपेशींपुरते मर्यादित आहेत. त्यांतील बदल पुढच्या पिढीत जात नाही. २०१८ मध्ये मात्र चीनमधील एका संशोधकाने मानवी भ्रूणांचीच जनुके बदलून जुळ्या मुली जन्माला आणल्याचे जाहीर केले. जगभर त्याचा निषेध झाला आणि त्याला तुरुंगवासही झाला. जे पिढ्यान्‌पिढ्या उतरेल, त्यात घाईने हात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरा धोका आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे. 'अमुक जातीत सिकलसेल असतो' असे वाक्य सहज तोंडातून निघते आणि त्यातून जन्मावरून माणसाला हिणवण्याची जुनी सवय नवे रूप धारण करते. विज्ञानाचा निष्कर्ष याच्या उलट आहे. कोणत्याही दोन माणसांच्या जनुकीय मजकुरातील सुमारे ९९.९ टक्के अक्षरे सारखीच असतात. देशातील सुमारे दहा हजार लोकांच्या जनुकांचे वाचन करणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. तिचा उपयोग आजार समजण्यासाठी व्हावा, उच्चनीचता ठरवण्यासाठी नव्हे. प्रत्येक समाजात कोणते ना कोणते आनुवंशिक आजार आहेतच.

आपण काय करावे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे. सोय आहे, पुढे पाऊल टाकायचे आहे ते आपण.

माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की विवाह ठरण्यापूर्वी स्वतःची तपासणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल जपून ठेवावा. बोटातून काढलेल्या थेंबावर प्राथमिक चाचणी होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने पक्के निदान होते. अहवालात 'एएस' आले म्हणून कोणाचे लग्न मोडू नये आणि कोणी ते लपवूही नये. दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची लवकर तपासणी करण्याची सोय मुंबईत आहे. निर्णय मात्र त्या दोघांचा असावा.

पालकांनी आपल्या मुलाचा अहवाल शाळेला विश्वासाने सांगावा. रक्त कमी आहे म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्यांचा मारा करू नये. या आजारात रक्त कमी होण्याचे कारण वेगळे असते, म्हणून लोह द्यायचे की नाही ते डॉक्टरच ठरवतील. फॉलिक आम्लाची गोळी, लसीकरण आणि सांगितलेली औषधे मात्र चुकवू नयेत. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा अचानक पांढुरके पडणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झालेला आहे, हेही लक्षात ठेवावे.

आणि आम्हा शिक्षकांसाठी, वसतिगृहाच्या अधीक्षकांसाठी काही साध्या गोष्टी आहेत. थंडीत कोमट पाणी, अंगावर पुरेसे पांघरूण, वर्गातही पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची मुभा, शिक्षा म्हणून धावायला न लावणे, आणि मूल दुखते म्हणाले की प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवणे. यासाठी कोणत्याही नोबेल पारितोषिकाची गरज नाही.

ज्या विद्यार्थ्याची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली, तो उपचार घेत शिकला. त्याच्या आजारातील अक्षर अजून बदललेले नाही. पण पुढच्या तुकडीतील एका मुलाने पाय दुखत असल्याचे सांगितले, तेव्हा आम्ही त्याला रांगेतून बाहेर काढून रागावलो नाही. त्याला बसवले, पाणी दिले आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला नेले. प्रयोगशाळेतले विज्ञान आपल्या पाड्यापर्यंत पोहोचायला काही वर्षे लागतील. तोपर्यंतचे काम आपल्या हातात आहे आणि ते आजच सुरू करता येण्यासारखे आहे.